थ्रेड : बोटीचा हेलकावा, कोयनेचा हादरा आणि शरीराची साक्ष

मुंबई-गोवा क्रूझवरून परतलेल्या अनेकांची तक्रार मोठी चमत्कारिक असते. बोटीवर काहीच झाले नाही. त्रास सुरू झाला तो घरी आल्यावर. डोळे मिटले की न्हाणीघर झुलते, अंथरुणाला पाठ टेकली की पलंग डोलू लागतो. प्रवासात मळमळण्याला मराठीत ‘बोट लागणे’, ‘गाडी लागणे’ असे नेमके शब्दप्रयोग आहेत. बोटीतून उतरल्यावर जे लागते, त्याला मात्र आपल्याकडे रूढ शब्द नाही. फ्रेंचांकडे आहे : ‘माल द देबार्कमाँ’, म्हणजे उतरण्याचा आजार.

आजचा थ्रेड या अनुभवाच्या इतिहासाचा. सुरुवात समुद्रावर होईल, पण मुक्काम असेल सह्याद्रीच्या कुशीत, सातारा जिल्ह्यातील पाटण आणि सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यांत.

या अनुभवाचे एक जुने आणि नेटके वर्णन १७९४ सालचे आहे. ते लिहिणारा इरॅस्मस डार्विन हा इंग्लंडमधील नामांकित वैद्य, उत्क्रांतिवादी चार्ल्स डार्विनचा आजोबा. ‘झूनोमिया’ या ग्रंथात भोवळीची चर्चा करताना त्याने नोंदवले आहे की, जहाजावर राहून अंगाला त्या डोलण्याची सवय झालेल्या माणसाला किनाऱ्यावर आल्यानंतर, विशेषतः अर्धवट झोपेत, खोली आणि खोलीतील सामान जहाजासारखे हलताना दिसते. डार्विनने याला केवळ भ्रम म्हणून झटकले नाही. शरीराला लागलेली सवय लगेच सुटत नाही, असा त्याचा रोख होता. सवा दोनशे वर्षांनंतरही हे स्पष्टीकरण फारसे चुकीचे ठरलेले नाही, याचे कौतुक वाटते.

त्याला ठाऊक नव्हते ते इतकेच की ही सवय शरीरात नेमकी कोठे जडते. पुढे १८२० च्या दशकात पिएर फ्लुरांस या फ्रेंच शास्त्रज्ञाने कबुतरांच्या अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका छेदून पाहिल्या. कबुतरांचे ऐकणे शाबूत राहिले, तोल मात्र गेला. तोलाचा संबंध कानाशी आहे, हे त्यातून पुढे आले. रॉबर्ट बारानी या व्हिएन्नातील वैद्याला याच नलिकांवरील संशोधनासाठी १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पारितोषिकाची घोषणा झाली तेव्हा हा मनुष्य रशियनांच्या ताब्यात युद्धकैदी होता. (त्याच्यावर वेगळा थ्रेड लिहिण्याचा मोह आवरतो.)

हे घडते कसे, ते थोडक्यात पाहू. अंतर्कर्णातील नलिकांमधला द्रव डोक्याच्या हालचालीबरोबर सरकतो आणि मेंदूला वर्दी देतो. डोळे आणि पायांचे स्नायू आपापली वर्दी देतात. बोटीवर तासन् तास एकाच लयीत हेलकावे बसले की मेंदू तिन्ही वर्द्यांचा नवा मेळ बसवतो. पुढचा हेलकावा तो आधीच गृहीत धरू लागतो. मग माणूस डेकवर सहज चालू लागतो. धक्क्यावर पाय ठेवताच हेलकावा थांबतो, मेंदूचे गृहीत धरणे मात्र चालूच राहते. आता डोलते ती खोली नव्हे, तर ते गृहीतक.

बहुतेकांच्या बाबतीत हे दोन दिवसांत विरते. तोलविकारांच्या तज्ज्ञांची बारानीच्याच नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिने २०२० मध्ये निश्चित केलेल्या निकषांनुसार ४८ तासांपेक्षा अधिक टिकणाऱ्या डोलण्यालाच विकार म्हणावे. काही थोड्यांच्या वाट्याला ते महिनोन् महिने येते. ब्राउन आणि बालो या अमेरिकन वैद्यांनी १९८७ मध्ये मोजक्या रुग्णांच्या आधारे या दीर्घ प्रकाराचे वर्णन केले, तेव्हा कोठे वैद्यकाने त्याची स्वतंत्र दखल घेतली. याची एक विलक्षण खूण अशी की, रुग्ण धावत्या मोटारीत बसला की त्याला बरे वाटते आणि गाडी थांबली की डोलणे परतते. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई येथील मिंगजिया दाई व सहकाऱ्यांनी रुग्णांसमोर सरकते पट्टे दाखवून, त्याच वेळी त्यांचे डोके विशिष्ट लयीत कलवून, हे गृहीतक मोडण्याचा प्रयोग केला. २४ पैकी १७ जणांना चांगला गुण आला.

ज्यांना सध्या हा त्रास होत असेल त्यांनी घाबरू नये. भरपूर झोप घ्यावी, उजेडात मोकळ्यावर चालावे, नजर दूरच्या स्थिर वस्तूवर ठेवावी. बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या इथे सहसा उपयोगी पडत नाहीत. आठवडा उलटूनही डोलणे राहिले, किंवा ऐकू कमी येणे, बोलणे अडखळणे, एक हात-पाय दुबळा वाटणे असे काही असेल, तर डॉक्टरांकडे जावे. शेवटची दोन लक्षणे दिसली तर मात्र क्षणाचाही विलंब नको.

आता घाटावर येऊ. बोटीशिवायही हा अनुभव येतो, आणि त्याचे दुसरे मोठे कारण भूकंप. जपानी भाषेत बोट लागण्याला ‘फुना-योई’ म्हणतात आणि भूकंपानंतर जमीन हलल्याचा भास होत राहण्याला ‘जिशिन-योई’. जणू ‘भूकंप लागणे’! मार्च २०११ च्या महाभूकंपानंतर जपानी संशोधकांनी लोकांच्या तोलाची मोजणी केली, तेव्हा तोलाची यंत्रणा खरोखरच विस्कटलेली आढळली. भीती आणि चिंता यांचा तिच्याशी संबंधही दिसला. इथे एक फरक ध्यानात घ्यावा. भूकंपाचा धक्का काही सेकंदांचा असतो, बोटीसारखी तासन् तासांची लय त्यात नसते. त्यामुळे या भासामागे सवयीपेक्षा सावधपणाचा वाटा मोठा असावा, असे मला वाटते.

आणि मग कोयना. पाटण तालुक्यातील कोयना धरणात १९६२ च्या सुमारास पाणी अडवले जाऊ लागले. त्यानंतर लवकरच परिसरातील लोकांना हादरे जाणवू लागले. त्यांच्याबरोबर सुरुंग उडाल्यासारखा आवाजही येई. दख्खनचे पठार म्हणजे अतिप्राचीन, स्थिर भूभाग, अशी तेव्हाची सर्वमान्य समजूत होती. तरीही तक्रारींची दखल घेऊन तेथे भूकंपमापक बसवले गेले आणि हादरे खरे असल्याचे कागदावर उमटले. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो : आधी लोकांच्या पायांना कळले, मग यंत्राला, आणि सर्वांत शेवटी नकाशाला.

१३ सप्टेंबर १९६७ रोजी पाचहून अधिक तीव्रतेचा धक्का बसला. त्यानंतर ११ डिसेंबरला, सोमवारी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी, ६.३ तीव्रतेचा मुख्य भूकंप झाला. कोयनानगरातील बहुसंख्य घरे राहण्याजोगी उरली नाहीत. मृतांचे आकडे नोंदीनुसार १७७ पासून २०० पर्यंत बदलतात. मुंबईचा वीजपुरवठा कोलमडला. धरणाच्या वरच्या भागात तडे गेले. पुढे काँक्रीटचे आधार देऊन ते भक्कम करण्यात आले. धरणातीलच एका यंत्राने त्या पहाटे गुरुत्वीय त्वरणाच्या ०.६३ पट इतका हादरा नोंदवला. तो आलेख आजही जगभरचे धरण-अभियंते अभ्यासासाठी वापरतात. जलाशयामुळे चालना मिळालेला जगातील सर्वांत मोठा भूकंप म्हणून कोयनेचेच नाव घेतले जाते.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने खरा इतिहास त्या पहाटेनंतर सुरू होतो. बोटीतून उतरलेल्या माणसाला स्थिर जमीन मिळते. ती दोन दिवस त्याच्या मेंदूला ‘मी हलत नाही’ असे बजावत राहते आणि अखेर मेंदू ते मान्य करतो. कोयनाकाठच्या माणसाला ही सोय मिळालीच नाही. जमीन खरोखर हलत राहिली. सुमारे ३० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद एवढ्याशा पट्ट्यात १९६७ पासून पाचपेक्षा अधिक तीव्रतेचे वीसहून जास्त आणि चारपेक्षा अधिक तीव्रतेचे सुमारे दोनशे धक्के बसले. लहानांची गणती हजारांत आहे. १९८५ पासून चांदोलीजवळ वारणेचे पाणी अडू लागले आणि १९९३ नंतर हालचाल दक्षिणेकडे, वारणेच्या बाजूला सरकली. कोयना कराडला कृष्णेला मिळते, वारणा सांगलीजवळ हरिपूरला. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना जोडणारे हेही एक नाते.

येथील भूकंप उथळ असतात, बरेचसे दहा किलोमीटरच्या आत. म्हणून दूरच्या शहरात कुणाच्या गावीही नसणारा तीनच्या आसपासचा धक्का तिथल्या घरात स्पष्ट जाणवतो. ‘कोयना परिसराला सौम्य धक्का, धरण सुरक्षित’ ही बातमी आपण लहानपणापासून वाचत आलो. ‘सौम्य’ हा शब्द यंत्राच्या बाजूने लिहिलेला आहे. रात्री भांडी वाजल्यावर उठून बसणाऱ्याच्या बाजूने तो लिहिलेला नाही.

अशा ठिकाणी भास कोणता आणि धक्का कोणता, हे ठरवायचे कुणी? घरातल्या घरात माणसे टांगलेला दिवा पाहतात, तांब्यातील पाणी पाहतात : ते हलत असेल तर जमीन हलली, नसेल तर आपणच. उपाय साधा आहे, पण तत्त्व वैद्यकातलेच; कानाच्या साक्षीला डोळ्यांची साक्ष लावून पाहायची. याच प्रश्नाच्या मोठ्या रूपासाठी शासनाने कराडला भूगर्भ संशोधनाची प्रयोगशाळा उभारली आणि गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल विंधनविवर २०१७ मध्ये पूर्ण झाले.

तुमच्यापैकी कुणी पाटण, कराड किंवा शिराळ्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणार असाल, तर ‘तेव्हापासून जमीन हलतच असते’ हे वाक्य ऐकायला मिळण्याची शक्यता आहे. त्याला भास म्हणून वगळू नये आणि जसेच्या तसे पुरावा म्हणूनही वापरू नये. सांगणाऱ्याला महिना, प्रहर, घरात काय पडले, आवाज आला का, हे विचारावे आणि भूकंपांच्या सूचीशी ताडून पाहावे. काही आठवणी धक्क्याशी जुळतील. काही जुळणार नाहीत. त्या भीतीच्या इतिहासासाठी वेगळ्या जपून ठेवाव्यात.

सूची पाहताना एक खबरदारी घ्यावी. परदेशी नोंदींत कोयनेच्या मुख्य भूकंपाची तारीख १० डिसेंबर १९६७ दिसेल, कारण तिथे वेळ ग्रीनिचची धरलेली असते, रात्री १० वाजून ५१ मिनिटे. आपल्या घड्याळात साडेपाच तास मिळवा, म्हणजे ११ तारखेची पहाट येईल.