‘तो’ की ‘ती’, हे ठरवणारे आपण कोण?

मागच्या जयंतीला वस्तीतल्या वाचनालयासाठी आम्ही परिचय-फलक केले. त्यात एक मधुबाई किन्नर यांचा होता. छत्तीसगडमधल्या रायगढ शहराच्या (आपला रायगड नव्हे) त्या माजी महापौर. दलित समाजातल्या, रेल्वेगाड्यांत नाच-गाणे करून पोट भरलेल्या. जानेवारी २०१५ मध्ये अपक्ष उभ्या राहिल्या आणि भाजपच्या उमेदवाराला साडेचार हजारांवर मतांनी हरवले. आमच्या फलकाची पहिली ओळ मात्र होती, “मूळ नाव अमुक, मुलगा म्हणून जन्म.” दुसऱ्या ओळीत ‘तो’, चौथ्या ओळीत ‘ती’. निवडणूक सगळ्यात शेवटी, जागा उरली म्हणून.

लिहिणारा पोरगा वाईट नव्हता. बातम्यांत जसे सापडले तसे त्याने उतरवले, आणि फलक तपासणारे आम्हीच होतो. चूक दाखवली तेव्हा तो म्हणाला, “एका शब्दाने काय बिघडतं?”

काय बिघडते ते मध्य प्रदेशातल्या कटनीला विचारावे. तिथे कमला जान महापौर म्हणून निवडून आल्या. पद महिलांसाठी राखीव होते. त्या कोण आहेत हे मते देणाऱ्यांना ठाऊक होते, तरी त्यांनी मते दिली. पण त्या ‘पुरुष’ आहेत असे ठरवून निवडणूक रद्द झाली आणि २००३ साली उच्च न्यायालयाने ते कायम केले. एका ‘तो’ने खुर्ची गेली. आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने नाल्सा निकालात मान्य केले ते १५ एप्रिल २०१४ रोजी. म्हणून आज कुणी ‘कमला जान हा’ असे लिहितो, तेव्हा तो त्या जुन्या निकालावर पुन्हा सही करतो.

हे त्याहूनही जुने आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आपल्याला पारधी आणि इतर भटक्या-विमुक्तांमुळे माहीत आहे. त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांची पोलीस नोंदवही होती, हे आपल्या शिबिरांत सहसा कुणी सांगत नाही. नोंद झालेली व्यक्ती बाईच्या वेशात रस्त्यावर दिसली तर दोन वर्षांपर्यंत कैद. वही वेगळी असेल, पण लिहिणारा हात एकच होता.

आणि नावाची लढाई आपल्याला कुणी शिकवावी? १९३८ साली मुंबई विधिमंडळात काँग्रेस सरकारच्या विधेयकात ‘हरिजन’ शब्द आला. बाबासाहेबांनी आणि दादासाहेब गायकवाडांनी हरकत घेतली. तरी बहुमताच्या जोरावर तो लादला गेला, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभागृह सोडून निघून गेले. शब्द वरवर गोडच होता. पण ज्यांना तो लावायचा, त्यांनी तो मागितला नव्हता. आपल्या आजोबांना गावात एकेरीत, नावाला ‘या’ जोडून हाक मारत, तेही आपण विसरलेलो नाही.

मराठीत तर पळवाटही नाही. इंग्रजीत सर्वनाम टाळले की निभावते. आपल्याकडे ‘आला’, ‘आली’, ‘मोठा’, ‘मोठी’, क्रियापदे आणि विशेषणेही साक्ष देतात. म्हणून ठरवून लिहावे लागते. मधुबाईंचे बालपणही ‘त्या लहान होत्या’ असेच लिहायचे. एखाद्याने आत्मकथनात स्वतःचे बालपण वेगळ्या लिंगात सांगितले असेल, तर त्याचा शब्द पाळायचा. व्यक्ती हयात असेल आणि गाठता येत असेल, तर सरळ विचारायचे. आपल्याकडे फोन असतोच. ‘हिजडा’ हा शब्द त्या समाजातले काही जण अभिमानाने वापरतात, म्हणून तो आपल्या तोंडी शोभत नाही. जुने नाव त्यांनी स्वतः उघड केले नसेल, तर ते शोधून काढणे म्हणजे संशोधन नव्हे. शस्त्रक्रियेची चौकशी तर नकोच. महापुरुषांच्या चरित्रात आपण त्यांच्या शरीराचे वर्णन किती करतो?

फलक आम्ही पुन्हा लिहिला. आता पहिल्या ओळीत रायगढचा निकाल आहे. जन्माची ओळ काढली, तिथे रेल्वेगाड्यांतली मजुरी आली. त्या पोराने सगळी क्रियापदे स्वतः तपासली, तरी एक ‘गेला’ राहिलाच होता. तो वाचनालयात येणाऱ्या एका मुलीने दाखवला.