स्नायूंतील ग्लायकोजेनचे संश्लेषण : एका गृहीताचा इतिहास

क्लोद बर्नार यांनी १८५७ मध्ये यकृतातून ग्लायकोजेन वेगळे काढले. स्नायूंतही तोच पदार्थ साठविलेला असतो, हे पुढे लवकरच निश्चित झाले. ग्लुकोजपासून तो तेथे कसा घडतो, या प्रश्नाच्या उत्तरास मात्र शंभर वर्षे लागली. आणि त्यांतील अखेरची वीस वर्षे उत्तर हाती आलेच आहे, अशा समजुतीत गेली.

ही समजूत निराधार नव्हती. कार्ल व गर्टी कोरी या दांपत्याने १९३६ मध्ये बेडकाच्या स्नायूंत ग्लुकोज-१-फॉस्फेट हे संयुग शोधून काढले. फॉस्फोरिलेज हे एन्झाइम फॉस्फेटच्या साहाय्याने ग्लायकोजेन मोडून ते तयार करते. हीच क्रिया परीक्षानळीत उलट फिरविता येते, असे आढळल्यावर मोडणारे एन्झाइमच घडविणारेही असले पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. १९४७ मध्ये कोरी दांपत्यास नोबेल पारितोषिक मिळाले. सिद्धान्ताची सुबकताच बहुधा त्याच्या दीर्घायुष्यास कारण झाली असावी.

वस्तुतः विसंगती समोरच होत्या. जिवंत स्नायूत ग्लुकोज-१-फॉस्फेटच्या मानाने मुक्त फॉस्फेट कितीतरी अधिक असते. अशा स्थितीत क्रियेचा ओघ विघटनाकडेच राहावयाचा. शिवाय अ‍ॅड्रेनॅलिनमुळे फॉस्फोरिलेज सक्रिय झाले की साठा वाढत नाही, घटतो.

खरा मार्ग ब्वेनोस आयरेस येथे सापडला. लुईस लेलुआर व कार्डिनी यांनी १९५७ मध्ये यकृताच्या अर्कात, आणि लेलुआर यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये उंदराच्या स्नायूंत असे दाखविले, की युरिडीन डायफॉस्फेटशी जोडलेले ग्लुकोज एका निराळ्याच एन्झाइमकडून ग्लायकोजेनच्या साखळीस जोडले जाते. ग्लुकोज-१-फॉस्फेट या मार्गावरही लागतेच; परंतु ते थेट साखळीत न जाता प्रथम युरिडीन ट्रायफॉस्फेटशी संयोग पावते. याच लेलुआर यांनी १९४४ मध्ये कोरींच्या प्रयोगशाळेत काम केले होते. गर्टी कोरी १९५७ मध्येच निवर्तल्या.

निर्णायक पुरावा रुग्णांकडून आला. श्रम करताच स्नायू दुखून आखडतात आणि तरीही रक्तातील लॅक्टिक आम्ल वाढत नाही, अशा एका रुग्णाचे वर्णन ब्रायन मॅकार्डल यांनी १९५१ मध्ये केले होते. या विकाराच्या रुग्णांच्या स्नायूंत फॉस्फोरिलेज मुळीच कार्य करीत नाही, हे १९५९ मध्ये उघड झाले. जुने गृहीत खरे असते, तर त्या स्नायूंत ग्लायकोजेन सापडावयास नको होते. प्रत्यक्षात ते नेहमीपेक्षा अधिक होते.