हंगामाचा पहिला दिवस : समुद्राचा आणि नदीचा

इंग्लंडमध्ये ट्राउट माशाचा हंगाम वसंतात उघडतो. नदीतील इतर सामान्य माशांसाठी १८७८ च्या कायद्याने १५ मार्च ते १५ जून हा काळ विणीचा म्हणून राखून दिला, तेव्हापासून १६ जून हा तेथील गळ टाकणाऱ्यांचा सणच झाला. तेथे आधी कायदा आला आणि त्यातून परंपरा जन्मली.

आपल्या किनाऱ्यावर क्रम उलटा आहे. श्रावणी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून कोळी समाज नौका पाण्यात लोटतो, ही रीत कोणत्याही कायद्याहून जुनी. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. पुढे २०१५ साली केंद्राने पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी ठरवली. यंत्राविना चालणाऱ्या पारंपरिक नौकांना तीतून सूट मिळाली. परिणामी कायद्याचा मुहूर्त सणापासून सुटला. २०२३ साली अधिक श्रावणामुळे नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला आली. कायद्याचा समुद्र तिच्या महिनाभर आधीच खुला झाला होता.

समुद्राला असा दिवस लाभला. नदीला का लाभला नाही? हा प्रश्न लोणी काळभोरच्या परिसरात विचारण्यासारखा आहे. गावाच्या उत्तरेकडून मुळा-मुठा वाहते. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यातील महसीरच्या एका जातीचे मूळ स्थान म्हणून पुण्याच्या पूर्वेकडील हीच नदी नोंदली आहे. त्या जातीला त्यांनी दिलेले ‘खुद्री’ हे नाव येथल्याच बोलीतले. म्हणजे जगाच्या मत्स्यशास्त्रात या पाण्याचे नाव कायमचे कोरले गेले आहे.

१८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने पाण्यात स्फोटके व विष वापरण्यास मनाई केली. जाळ्यांविषयी नियम करण्याचा आणि एखाद्या पाण्यात दोन वर्षांपर्यंत मासेमारी थांबवण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. विणीच्या महिन्यांची तारीख मात्र त्याने घातली नाही. लोकरीतीनेही ती घातली नाही, आणि त्याचे कारण निसर्गातच आहे. पावसाळ्यात समुद्र खवळतो. माशांच्या विणीचा काळ आणि माणसाच्या जिवाला धोका असलेला काळ तेथे एकच. भीतीने पाळलेला संयम पुढे भक्ती झाला. नदीवर याच्या नेमके उलट घडते. पहिल्या पुरासरशी मासे अंडी घालण्यास प्रवाहाविरुद्ध वर चढतात, आणि तेव्हाच ते उथळ पाण्यात सहज हाती लागतात. ‘चढणीचे मासे’ हा शब्दच मेजवानीची आठवण देतो. ज्या दिवशी नदी मिटायला हवी, त्याच दिवशी आपण ती उघडली.

अपवाद आहेत. महाडजवळ काळ नदीवरील वाळण कोंडीत देवीच्या धाकाने महसीर सुरक्षित राहिले. परंतु तेथे राखली गेली ती जागा; ऋतू नव्हे.

आता पुण्याचे सांडपाणी घेऊन वाहणाऱ्या मुळा-मुठेला केवळ बंदीचे महिने नेमून भागणार नाही. आधी पाणी परत मिळाले पाहिजे. तरीही लोकरीतीच्या इतिहासाने एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्या परंपरेला आपण निसर्गाविषयीची कृतज्ञता म्हणतो, तिच्यामागे पुष्कळदा निसर्गाचा धाक उभा असतो. नदीने आपल्याला तसा धाक दाखवला नाही, म्हणून तिला नारळही मिळाला नाही आणि विसावाही.