दगडावरचा आकडा
‘हेवी मेटल’ म्हणजे नुसता कानठळ्या बसविणारा गोंगाट, असं आपण सहज म्हणून टाकतो. पण अमेरिकेतील ‘मेटॅलिका’ या वाद्यवृंदाचं १९८८ सालचं ‘वन’ ऐका. युद्धात हातपाय, डोळे, कान, वाचा सारं गमावलेला शिपाई त्यात मरण मागतो. त्यामागे डाल्टन ट्रम्बो यांची पहिल्या महायुद्धावरील कादंबरी आहे, १९३९ सालची. गाणं हळुवार सुरू होतं; पुढं ढोल बंदुकीसारखे कडाडतात, आणि काळीज हलतं.

त्याच युद्धाचा दगड आपल्याकडेही कित्येक गावांत आहे. गेले किती, मेले किती, एवढंच त्यावर कोरलेलं. जायबंदी होऊन परतलेल्यांचं दुःख कुठंच नाही. गुरुजी, मुलांना तो दगड दाखवा. आणि त्या आकड्यातला एखादा माणूस घरोघरच्या आठवणींतून शोधायला लावा.