गाभा लहान, अंगण मोठं

आता प्रश्न असा, की गणिताची सिद्धता तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये विद्यार्थ्याला हात घालू द्यायचा का? त्याची एक चूक झाली, तर खोटं प्रमेय खरं ठरेल ना?

याचं उत्तर १९७० च्या दशकात एडिंबरात मिळालं. रॉबिन मिल्नर यांच्या एलसीएफ प्रणालीत प्रमेय तयार करण्याचा अधिकार फक्त एका छोट्या गाभ्याला होता. गाभा बिनचूक असेल, तर बाहेरचा प्रोग्राम चुकला तरी सिद्धता फार तर अडेल. खोटं प्रमेय निघणार नाही.

लॉरेन्स पॉलसन यांनी १९८६ मध्ये केंब्रिजला इझाबेल प्रणाली आणली, तीही याच वळणाची. पण तिच्यातल्या सिद्धता म्हणजे नुसत्या आज्ञांची यादी. यंत्राला पटायचं, वाचणाऱ्याला काही कळायचं नाही. मग म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात मकारियस वेन्झेल यांनी पीएचडीच्या कामातून ‘ईसार’ ही भाषा घडवली. प्रबंध २००२ चा. तीत ‘हे गृहीत धरू’, ‘म्हणून हे मिळालं’ अशा पायऱ्या माणसालाही वाचता येतात.

म्हणजे बघा, विद्यार्थ्यावर विश्वास टाकता आला, कारण सत्याची राखण दुसरीकडे होती.