चाकांवरचें घर आणि डोंगराचा हंगाम

डोंगरांतील प्रवासाचा हंगाम कोण ठरवितो, असें विचारल्यास ऊन, पाऊस आणि बर्फ हें उत्तर सहज सुचतें. इतिहास मात्र या तिघांच्या जोडीला चौथा एक अधिकारी दाखवितो. तो म्हणजे हॉटेलवाला. एकोणिसाव्या शतकांत आल्प्स पर्वतांत जाणारा प्रवासी उन्हाळ्यांत जाई, याचें कारण जितकें हवेंत होतें, तितकेंच हॉटेलांच्या दरवाजांत होतें. हंगाम सरला कीं ते दरवाजे बंद होत. मग डोंगर कितीहि रम्य दिसला तरी रात्रीं पाठ टेकावयास जागा नसे.

हा नियम मोडणाराहि एक हॉटेलवालाच निघाला. स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ येथें योहानेस बाड्रुट यानें १८६४ सालीं आपल्या कांहीं इंग्रज पाहुण्यांशीं पैज मारली, अशी आख्यायिका आहे. हिवाळ्यांत येऊन पाहावें. ऊन न मिळाल्यास खर्चाची भरपाई यजमान करील, अशी ती पैज होती. पाहुणे नाताळांत आले आणि ईस्टरपर्यंत रमले. हंगाम वाढला खरा. पण त्याची किल्ली हॉटेलवाल्याच्याच कमरेला राहिली, आणि खिसा जड असलेल्यांनाच तो दरवाजा उघडे.

दुसरा मार्ग होता घरच बरोबर नेण्याचा. भटक्या लोकांनीं तो पूर्वींच चोखाळला होता. परंतु केवळ सहलीच्या हौसेनें त्याचा अंगीकार करणाऱ्या पहिल्या मंडळींत डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांचें नांव घेतात. हे स्कॉटिश गृहस्थ ब्रिटिश आरमारांतील माजी शल्यवैद्य आणि मुलांसाठीं साहसकथा लिहिणारे लेखक होते. १८८५ सालीं त्यांनीं ब्रिस्टल येथें ‘वाँडरर’ नांवाची घरगाडी बांधवून घेतली. आंत महोगनी व मॅपल लांकडाचें काम, वजन सुमारें दोन टन आणि ओढावयास दोन घोडे, असा तिचा थाट होता. एक चाकर तीनचाकी सायकलीवरून पुढें जाऊन रस्ता मोकळा आहे कीं नाहीं तें पाही. इंग्लंडमधील ट्वायफर्ड गांवाहून निघून, ग्रँपियन पर्वत ओलांडून, ही गाडी स्कॉटलंडच्या उत्तरेस इन्व्हर्नेसपर्यंत पोहोंचली. प्रवास उन्हाळ्यांतलाच होता. पण मुक्काम कोठें व किती दिवस करावयाचा, याचा निर्णय प्रथमच प्रवाशाच्या हातीं आला. १९०७ सालीं ब्रिटनमध्यें कॅरव्हॅन क्लब स्थापन झाला, तेव्हां स्टेबल्स त्याचे उपाध्यक्ष झाले.

पुढें घोड्यांची जागा मोटारीनें घेतली. पहिलें महायुद्ध संपल्यावर, १९१९ सालीं, बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीनें मोटारीमागें जोडावयाच्या घरगाड्या विक्रीस काढल्या. जर्मनींत ही कल्पना डोंगराच्या पायथ्याशींच रुजली. आल्गॉय प्रांतांतील इस्नी गांवीं आरिस्ट डेथलेफ्स यांचा चाबूक व स्कीच्या काठ्या तयार करण्याचा घरचा धंदा होता. विक्रीसाठीं त्यांना सतत फिरावें लागे. त्यांच्या वाग्दत्त वधू फ्रिडेल एडेलमान या चित्रकार होत्या. बरोबर प्रवास करतां यावा आणि वाटेंत चित्रेंहि काढतां यावींत, असें वाहन त्यांना हवें होतें. १९३१ सालीं डेथलेफ्स यांनीं तशी गाडी बांधली आणि त्यांतून एक नवा कारखाना उभा राहिला.

अशा गाडीमुळें हॉटेलवाल्याचा हंगाम संपला. पण डोंगराचा हंगाम तसाच राहिला. समुद्रसपाटीपासून दर हजार फूट चढल्यावर साध्या पेट्रोल इंजिनाची शक्ति शेंकडा सुमारें ३ नें घटते, आणि मागचा भार मात्र तसूभरहि कमी होत नाहीं. उतारावर तोच भार मोटारीस पुढें ढकलतो. केवळ ब्रेकवर विसंबल्यास ते तापून निकामी होतात. म्हणून खालच्या गिअरमध्येंच उतरावें लागतें. गाडीच्या मागच्या टोकाला सामान अधिक झालें तर ती डोलूं लागते. थंडींत तर स्वयंपाकाचा गॅसहि असहकार करितो. ब्यूटेन शून्य अंशाच्या जरा खालींच द्रवरूपांत गोठल्यासारखा स्वस्थ बसतो. उणें ४२ अंशांपर्यंत वायुरूप होणारा प्रोपेनच तेथें कामास येतो. नळांतील पाणी वेळीं काढून न टाकल्यास गोठून नळ फुटतात.

याहून मोठी उणीव यंत्राची नव्हे. हॉटेलवाला हंगामाचा मालक होता, तसाच तो पाहुण्यांचा राखणदारहि होता. कोणती वाट घसरडी झाली हें त्याला ठाऊक असे, आणि सायंकाळीं कोणी परतलें नाहीं तर तें प्रथम त्याच्याच ध्यानांत येई. इटली व स्वित्झर्लंड यांच्या सीमेवरील ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडींत, २,४६९ मीटर उंचीवर, अकराव्या शतकापासून धर्मोपदेशकांची धर्मशाळा आहे. १९६४ सालीं खिंडीखालून बोगदा झाल्यापासून हिवाळ्यांतहि मोटारी आरपार जातात. वरचा रस्ता मात्र बर्फाखालीं बंद असतो, आणि तरीहि ती धर्मशाळा स्कीवरून येणाऱ्यांसाठीं उघडी असते. छप्पर, अंथरूण आणि चूल मोटारीमागें जोडतां येतात; वाट पाहणारा मनुष्य जोडतां येत नाहीं. म्हणून हंगामाबाहेर डोंगर चढणाऱ्यानें निघण्यापूर्वीं आपला मार्ग व परतीचा दिवस खालच्या गांवांत कोणाला तरी सांगून ठेवावा, हें शहाणपण घोडागाडीच्या काळाइतकेंच आजहि खरें आहे.