विक्रीयासंप्रदान : घरविक्रीतील विलंबाचा इतिहास आणि त्याची परिभाषा

घराची किंमत ठरली, विसार दिला गेला, साटेखत झाले. परंतु ठरलेल्या दिवशी विक्रेत्याने ताबा दिला नाही. असा प्रसंग व्यवहारात नित्य घडतो, आणि प्रथमच घर घेणाऱ्यास तो विशेष जाचक होतो. त्यास पूर्वीच्या बिऱ्हाडाचे भाडे चुकत नाही आणि कर्जावरील व्याजही थांबत नाही. दुसरे घर असलेला ग्राहक वाट पाहू शकतो. पहिले घर घेणाऱ्याची प्रत्येक महिन्याची प्रतीक्षा म्हणजे दुहेरी खर्च होय. हा विलंब केव्हा केवळ गैरसोय मानला गेला आणि केव्हा अपराध, ह्याचा इतिहास प्रस्तुत लेखात पाहावयाचा आहे. ह्या इतिहासाचे धागे कायद्याच्या परिभाषेत गुंतलेले असल्यामुळे शब्दांचा विचार येथे ओघानेच येईल.

प्रथम ‘विलंब’ हाच शब्द घेऊ. त्याच्या मुळाशी असलेल्या ‘लम्ब्’ ह्या धातूचा अर्थ लोंबणे, लटकणे असा आहे. विलंबात व्यवहार मोडत नाही आणि पुराही होत नाही. तो अधांतरी राहतो. करार मोडला तर काय करावे हे सांगणे शास्त्रकारास सोपे असते. लोंबकळणाऱ्या कराराचे काय करावे, हा खरा अवघड प्रश्न होय.

आपल्या धर्मशास्त्राने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला होता. मनूने अठरा व्यवहारपदांत क्रयविक्रयानुशय, म्हणजे खरेदी किंवा विक्री केल्यावर होणारा पश्चात्ताप, हे एकच पद धरले आहे. नारदाने त्याची दोन पदे केली. क्रीतानुशय हे ग्राहकाच्या पश्चात्तापाचे पद, आणि विक्रीयासंप्रदान हे विकूनही वस्तू स्वाधीन न करण्याचे पद. ‘विक्रीय’ म्हणजे विकून आणि ‘असंप्रदान’ म्हणजे न देणे. ह्या विभागणीचे महत्त्व केवळ वर्गीकरणाचे नाही. मनूच्या संज्ञेत विक्रेत्याच्या मनात काय चालले आहे ह्याला प्राधान्य आहे. नारदाच्या संज्ञेत त्याने काय केले नाही ह्याला. विक्रेत्यास पश्चात्ताप झाला असो वा नसो, त्याने वस्तू दिली नाही एवढे पुरे.

उपायही नारदाने सांगितला आहे. मूल्य घेऊन वस्तू न देणाऱ्याने स्थावराच्या बाबतीत ग्राहकाच्या बुडालेल्या उपभोगाची भरपाई द्यावी आणि जंगमाच्या बाबतीत तिच्यापासून मिळणारा लाभ द्यावा. मात्र हा नियम मूल्य चुकते झाले असेल तेव्हाचा आहे. ते दिले गेले नसेल तर, वेगळा ठराव नसल्यास, विक्रेत्याकडे दोष जात नाही. याज्ञवल्क्याने ह्यात आणखी एक महत्त्वाची भर घातली. ग्राहकाने मागणी केल्यानंतरही वस्तू दिली नाही आणि पुढे राजाच्या किंवा दैवाच्या आघाताने तिची हानी झाली, तर ती हानी विक्रेत्याची. म्हणजे ग्राहकाची मागणी हा कालरेषेवरील निश्चित बिंदू ठरला. त्या बिंदूपर्यंतची प्रतीक्षा वेगळी आणि त्यानंतरची वेगळी.

विसाराचा विचार ह्याच परंपरेत ‘सत्यंकार’ ह्या संज्ञेखाली येतो. वचन सत्य करण्यासाठी दिलेले द्रव्य असा तिचा भाव आहे. सत्यंकाराचे द्रव्य दुप्पट परत करावयास लावावे, असे याज्ञवल्क्य सांगतो. बाराव्या शतकाच्या आरंभीचा टीकाकार विज्ञानेश्वर ह्याने मिताक्षरेत हा नियम क्रयविक्रयाकडे नेला आहे. विसार देणाराच फिरला तर त्याचा विसार बुडावा; घेणारा फिरला तर त्याने तो दुप्पट द्यावा. सहाव्या शतकात जस्टिनियनच्या रोमन विधिसंहितेत जवळजवळ हाच नियम आढळतो. एकाने दुसऱ्याकडून तो घेतला असे मानण्याचे कारण नाही. विसाराचा व्यवहार दोन्ही समाजांत होता, आणि विसार घेऊन फिरणाऱ्यास तो नुसता परत करावयास लावणे अपुरे आहे, हे दोन्हीकडच्या शास्त्यांस उमगले होते, एवढाच निष्कर्ष सुरक्षित होय.

पुढील काळात महाराष्ट्रातील व्यवहाराची भाषा फारसी-अरबी शब्दांनी भरली. ‘बयाणा’ हा विक्री ह्या अर्थाच्या अरबी ‘बै’ शब्दावरून फारसीमार्गे आला. ‘खरेदी’ फारसी, ‘मुदत’ अरबी, ‘कबजा’ अरबी, आणि ‘ताबा’ हा अधीन ह्या अर्थाच्या अरबी शब्दापासून आलेला. विलंबासाठी रूढ झालेला ‘दिरंगाई’ हा शब्दही मूळ फारसी ‘दिरंग’पासून निघाला. ‘साटेखत’ मात्र देशी संस्कार राखून आहे. त्यातील ‘साटे’ म्हणजे अदलाबदल, सौदा, हे ‘साटेलोटे’ ह्या जोडशब्दावरून सहज ध्यानात येते. ह्या शब्दांपैकी बहुतेक आजच्या दस्तांतही जिवंत आहेत. विक्रीयासंप्रदान ही संज्ञा मात्र व्यवहारातून लोपली. तिच्या जागी आलेल्या ‘दिरंगाई’, ‘टाळाटाळ’ ह्या शब्दांत नाराजी आहे. निश्चित कायदेशीर परिणाम सुचविण्याची शक्ती नाही.

इंग्रजी अमदानीत कायदा नव्याने रचला गेला. १८७२ च्या कराराच्या कायद्यातील कलम ५५ ने विलंबाचे दोन प्रकार केले. मुदत हे कराराचे सारभूत अंग असेल, तर ती चुकताच दुसऱ्या पक्षास करार रद्द करता येतो; ती तशी नसेल, तर करार कायम राहून केवळ नुकसानभरपाई मागता येते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याने स्पष्ट केले की, विक्रीच्या कराराने त्या मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. त्याच कायद्याप्रमाणे विक्रेत्यावर ताबा देण्याचे बंधन आहे ते ग्राहकाने तशी मागणी केल्यावर. याज्ञवल्क्याने जेथे बोट ठेवले होते तेथेच हा कायदाही येऊन थांबला, हे लक्षणीय आहे. आगाऊ दिलेल्या मूल्याबद्दल ग्राहकाचा त्या मालमत्तेवर बोजा राहतो, हे संरक्षणही त्यात आहे.

कलम ५५ मधील मुदत जमिनीच्या विक्रीत सारभूत मानावयाची की नाही? मुंबईहून गेलेल्या जमशेद खोदाराम इराणी विरुद्ध बर्जोरजी धनजीभाई ह्या वादात प्रिव्ही कौन्सिलने १९१५ साली उत्तर दिले. स्थावराच्या विक्रीत मुदत सामान्यतः सारभूत नसते. ती तशी करावयाची असेल, तर पक्षांचा हेतू निःसंदिग्ध भाषेत प्रकट झाला पाहिजे. ह्या तत्त्वाचा उगम इंग्लंडमधील समन्यायाच्या परंपरेत होता. थोड्याशा उशिरामुळे कोणाची जमीन हातची जाऊ नये, असा त्याचा उदार हेतू होता. परंतु उशीर करणारा पक्ष जेव्हा विक्रेता असतो, तेव्हा हीच उदारता त्याच्या कामी येते. चाँद राणी विरुद्ध कमल राणी ह्या १९९३ च्या निर्णयसंग्रहात आलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी हे गृहीतक कायम ठेवले. करारातील शब्द, मालमत्तेचे स्वरूप आणि भोवतालची परिस्थिती ह्यांवरून मुदत सारभूत असल्याचा निष्कर्ष काढता येईल, असेही सांगितले.

दरम्यान मुंबईत घराचे स्वरूपच बदलले होते. स्वातंत्र्योत्तर काळात मालकी हक्काच्या सदनिकांची पद्धती वाढली आणि अद्याप न बांधलेले घर विकत घेतले जाऊ लागले. प्रतीक्षा हा आता व्यवहारातील अपघात राहिला नाही; तो व्यवहाराचा पायाच झाला. मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा महाराष्ट्राचा १९६३ चा अधिनियम ह्या परिस्थितीतून जन्मला. त्याने प्रवर्तकावर ताब्याची तारीख लेखी नमूद करण्याचे बंधन घातले. त्या तारखेस ताबा न दिल्यास ग्राहकाने मागणी करताच दिलेली रक्कम दरसाल ९ टक्के सरळव्याजाने परत करावयाची, आणि तोवर त्या रकमेचा बोजा जमिनीवर राहावयाचा, अशी योजना केली.

ह्या योजनेत घर सोडणाऱ्यास दाद होती. घर हवे असूनही तिष्ठत राहणाऱ्याची सोय अपुरी होती. ती उणीव पुढे क्रमाने भरली गेली. १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घराचा ताबा देण्यातील दिरंगाई ही सेवेतील त्रुटी ठरविली. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ ह्याच्या कलम १८ ने ग्राहकास दोन वाटा दिल्या : व्यवहार सोडून रक्कम सव्याज परत घ्यावी, किंवा व्यवहारात राहून ताबा मिळेपर्यंत प्रत्येक महिन्याच्या विलंबाचे व्याज घ्यावे. दुसऱ्या वाटेत बुडालेल्या उपभोगाची भरपाई हे नारदाचे तत्त्व नव्या वेषात परत आले आहे, असे म्हणावयास हरकत नाही. तारीखच नमूद नसेल तर काय, ह्याचे उत्तर २०१८ च्या फॉर्च्यून इन्फ्रास्ट्रक्चर खटल्यात मिळाले. ग्राहकास अमर्याद काळ थांबावयास लावता येत नाही, आणि त्या प्रकरणी तीन वर्षे हा वाजवी काळ होय, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले.

परंतु हे संरक्षण प्रवर्तकाकडून घेतलेल्या घरापुरतेच आहे. एखाद्या कुटुंबाकडून त्याचे राहते घर घेणारा ग्राहक अद्याप १८७२ च्या आणि १९१५ च्या छायेत उभा आहे. वारसाची सही राहिली, गहाण सुटले नाही, विक्रेत्यास स्वतःस दुसरे घर मिळाले नाही, अशा कारणांनी होणारा उशीर येथे नित्याचा असतो. त्यास १९६३ च्या विनिर्दिष्ट साहाय्य अधिनियमाखाली करारपूर्तीचा दावा करता येतो. २०१८ च्या दुरुस्तीने ह्या बाबतीतील न्यायालयाचा स्वेच्छाधिकार पुष्कळसा संकुचितही केला आहे. दाव्याची मुदत तीन वर्षांची. ती करारात पूर्तीची तारीख ठरलेली असल्यास त्या तारखेपासून, आणि नसल्यास विक्रेत्याचा नकार ग्राहकास कळल्यापासून मोजली जाते. स्वतः ग्राहक पूर्तीस सिद्ध व तत्पर होता, हेही त्यास दाखवावे लागते. मूल्य न देणाऱ्याविषयी नारदाने जी अट घातली, तिचेच हे आधुनिक रूप.

ह्या दीर्घ इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. विलंब आपोआप अपराध होत नाही. शब्द त्यास अपराध बनवितात. ते शब्द दोन : साटेखतात लिहिलेली तारीख आणि ती उलटताच केलेली लेखी मागणी. तारखेवाचून मुदतीला शेवट नाही आणि मागणीवाचून नकाराला आरंभ नाही. ‘लवकरच’, ‘शक्य तितक्या लवकर’, ‘कागदपत्रे पूर्ण होताच’ ही क्रियाविशेषणे बोलण्यात सौजन्याची वाटतात. दस्तात ती ग्राहकास अधांतरी ठेवतात. अमुक तारखेस ताबा दिला जाईल, ही मुदत कराराचे सारभूत अंग आहे, आणि ती चुकल्यास दरमहा अमुक भरपाई देय होईल, ही तीन विधाने ज्या साटेखतात आहेत, तेथे प्रतीक्षेचे मोल ठरलेले असते. नारदाने ज्या कृत्याला स्वतंत्र नाव दिले, त्याला आपल्या दस्तांत पुन्हा नाव देणे एवढेच पहिले घर घेणाऱ्याच्या हाती आहे. आणि ते थोडे नाही.